बाळकुम नाक्यावरचा फ्लेक्स

ठाकुर्ली
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

पाकीट दोनदा डिंक लावून चिकटवलंय. तुझा महेंद्र पोस्टमन म्हणून तसा चांगला. बाळकुमहून रोज बाइकने डोंबिवलीला कामाला येतो आणि आपली पत्रं डब्याच्या पिशवीतून नेतो-आणतो. पण वाटेत वाचायची त्याला खोड आहे. फोनच केला असता, पण तुझे कान हल्ली तुला हवं तेवढंच ऐकतात.

बातमी अशी, की आमच्या प्राचार्यांनी विद्यापीठाकडे माझं नाव पाठवलंय, उत्कृष्ट अध्यापक सन्मानासाठी. एरवी असल्या पुरस्कारांना आपणच आपली आरती ओवाळून फाइल पाठवायची असते, म्हणून मी कधी त्या वाटेला गेले नाही. यंदा विद्यापीठाने रीत बदलली. नाव कॉलेजने कळवायचं, आणि समितीची माणसं न सांगता येऊन वर्गात मागच्या बाकावर बसणार. शोधनिबंध किती छापले हे कुणी विचारणार नाही. बाई शिकवते कशी, एवढंच बघणार.

शाल-श्रीफळाचं मला काही नाही. पण सन्मानाबरोबर वर्षभर तासिका कमी होतात आणि प्रयोगशाळेला मदतनीस मिळतो. माझं पाण्याचं प्रात्यक्षिक तुला ठाऊक आहे. पोरं आपापल्या घरचं पाणी बाटलीत भरून आणतात, कुणी नळाचं, कुणी बोअरचं, कुणी खाडीचं, आणि स्वतः तपासतात. केमिस्ट्रीला घाबरणारी पोरं त्या एका दिवशी मला घाबरवतात, इतके प्रश्न विचारतात. वेळापत्रकात त्याला जागा नाही म्हणून ते मी रविवारी घेते. आता प्राचार्य म्हणतात, जूनपासून रविवारी प्रयोगशाळा उघडता येणार नाही. सन्मान मिळाला तर प्रात्यक्षिक राहील, नाहीतर बंद पडेल. म्हणून मला तो हवाय आत्या. लाज न बाळगता सांगते, फार हवाय.

एक अट आहे. नावाचा गाजावाजा केला किंवा कुणाकरवी शब्द टाकला, तर नाव बाद. तेव्हा कुणालाही सांगू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून तुला सांगितलं, कारण तुला सांगितल्याशिवाय मला कुठलीच चांगली गोष्ट खरी वाटत नाही.

तुझी,
वैशाली


बाळकुम
४ फेब्रुवारी

चि. वैशाली,
जय भीम.

पत्र वाचलं, परत वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. तुझा बाप, माझा देवराम, आज असता तर वस्तीभर पेढे वाटून वर उधारी करून आला असता. पोरी, तू बाई झालीस तेव्हाच मी जिंकले होते. हे आता वरचं.

आमच्या वेळचं तुला सांगते. मी चौथीला शिकवत होते तेव्हा आमच्या साहेबांनी सांगितलं, भीमाबाई, आदर्श शिक्षिकेचा प्रस्ताव करा, झाडं लावतानाचे फोटो जोडा, शिकवतानाचे फोटो जोडा. मी म्हटलं, साहेब, मी शिकवत असताना फोटो काढणार कोण, आणि फोटोसाठी उभी राहिले तर शिकवणार कोण? झालं, विषय संपला. मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटायचं वय पण नाही.

तुझी बातमी माझ्या पोटात आहे, पोटातच राहील. कुणाला म्हणून सांगितलेलं नाही. महेंद्रला सांगितलं, पण तो घरचा. विहारात वंदना झाल्यावर शेजारच्या दक्षताला सांगितलं, पण ती कुणाशी बोलत नाही, सगळ्यांशी भांडण आहे तिचं.

निर्धास्त राहा.

तुझी आत्या


बाळकुम
१३ फेब्रुवारी

चि. वैशाली,
जय भीम.

तुझं पत्र नाही तरी मी लिहिते. महेंद्र सांगतो तू कामात आहेस. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण तो दुखतोच. वालाचं बिरडं केलं होतं, तुझ्यासाठी डब्यात पाठवलं, मिळालं असेल.

या रविवारी तू येणार म्हणाली होतीस, तर येऊ नकोस. नाक्यावर फार गर्दी असते हल्ली. रस्ता खणलाय. म्हणजे खणणार आहेत. पुढच्या महिन्यात निवांत ये.

आणि तुझा साकेतच्या लग्नातला फोटो फार सुरेख आलाय, असं सगळे म्हणतात.

तुझी आत्या


ठाकुर्ली
१७ फेब्रुवारी

आत्या,

जय भीम. आज सप्रेम लिहीत नाही.

साकेतच्या लग्नातला फोटो सुरेख आलाय हे ‘सगळे’ कुठे म्हणतात, ते मला आज कळलं. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून मोबाइल पुढे धरला. बाळकुम नाका. रिक्षा स्टँडच्या वर एवढा मोठा फ्लेक्स. ‘विद्यापीठाचा उत्कृष्ट अध्यापक सन्मान मिळाल्याबद्दल प्रा. वैशालीताईंचे हार्दिक अभिनंदन!’ वर मंडळाचे सगळे कार्यकर्ते, गॉगल लावून. मी खाली कोपऱ्यात, हातात मठ्ठ्याचा पेला. शुभेच्छुक म्हणून सर्वांत मोठ्या अक्षरात कोण, तर श्रीमती भीमाबाई, निवृत्त शिक्षिका.

सन्मान अजून कुणाला मिळालेला नाही गं! समिती अजून वर्गातसुद्धा आलेली नाही. गुडघ्याला बाशिंग बांधणारे ऐकले होते, आमच्या घरात वरातच निघाली. स्टाफरूममध्ये शिरले तर एकाने पेढेच मागितले. तो फोटो कुणीतरी समितीकडेही पोचवलाय. आता मी खुलासा द्यायचा, की हा गाजावाजा माझ्या सांगण्यावरून झालेला नाही.

राग कशाचा आलाय सांगू? माझं हसं झालं, त्याचा नाही. जूनमध्ये पोरांच्या बाटल्या घरीच राहतील, त्याचा.

फ्लेक्स आजच्या आज उतरव.

वैशाली


बाळकुम
१८ फेब्रुवारी

चि. वैशाली,
जय भीम.

उतरवणार नाही.

रागावलीस, बरोबर आहे. तू सांगितलेलं मी ऐकलं नाही, हेही बरोबर. पण माझंही ऐक. या नाक्यावर मी जन्मभर फ्लेक्स बघत आले. कुणाच्या पुतण्याचा वाढदिवस, कुणाच्या मेव्हण्याची निवड, एकदा तर कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस, केक कापताना. त्या जागेवर आपल्या घरातली, शिकवते म्हणून वर चढलेली बाई पहिल्यांदा दिसली. मी रिक्षा स्टँडवर उभी राहून बघत होते, तर एका रिक्षावाल्याने विचारलं, “आजी, ही कोन?” मी म्हटलं, “आमची आहे.” एवढं म्हणायला मिळावं म्हणून माणूस काय काय करतं.

मिळालेला नाही हे मला कळत होतं. पण मिळणारच ना? तुला नाही मिळणार तर कुणाला? मग आधी काय आणि नंतर काय. मी आपलं लिहून टाकलं.

तुझी आत्या
(अजून तुझीच)


ठाकुर्ली
२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
जय भीम.

‘आपलं लिहून टाकलं.’ बरोबर हेच वाक्य माझी पोरं बोलतात.

प्रयोगात आम्ही थेंब थेंब द्रव सोडतो आणि रंग कधी बदलतो ते बघतो. रंग बदलला की आकडा वाचायचा, जर्नलमध्ये लिहायचा. अर्धी पोरं शेजाऱ्याचा आकडा बघून आधीच लिहून ठेवतात आणि मग रंग बदलायची वाट बघतात. विचारलं तर म्हणतात, मॅडम, येणारच आहे ना तेवढं. मी वर्षभर एकाच गोष्टीसाठी घसा कोरडा करते, की आधी होऊ द्या, मग लिहा. आणि माझ्या सख्ख्या आत्याने नाक्यावर, एवढ्या मोठ्या अक्षरात, रंग बदलायच्या आधी आकडा लिहिला.

खुलासा मी दिला. नाव काढायचं की ठेवायचं ते समितीच्या अध्यक्षा ठरवतील. डॉ. कल्पिता गुप्ते नाव त्यांचं. फार कडक आहेत म्हणतात.

तू उतरवणार नाहीस हे मला तुझ्यापेक्षा आधी माहीत होतं. निदान एवढं ऐक. आमच्याकडे चुकलेला आकडा खोडरबरने पुसत नाहीत. पुसला तर मी जर्नल परत करते. त्यावर एक सरळ रेघ मारायची, चूक खाली दिसली पाहिजे, आणि बाजूला खरं लिहून सही करायची.

बिरडं मिळालं. राग असतानाही संपवलं.

तुझी,
वैशाली


बाळकुम, ठाणे
२१ फेब्रुवारी

मा. डॉ. कल्पिता गुप्ते,
अध्यक्षा, अध्यापक सन्मान समिती

स. न. वि. वि.

मी प्रा. वैशालीची आत्या. महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवून निवृत्त झाले. बाळकुम नाक्यावरचा फ्लेक्स मी लावला. मजकूर माझा, फोटो मी निवडला, चूकही माझी. वैशालीने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. ते मला जमलं नाही. आजवर कधीच जमलेलं नाही, साक्षीदार हवे असतील तर अख्खी वस्ती देईन.

माझ्या वर्गात एकीच्या पाटीवर दुसरीने काही खरडलं, तर जिची पाटी तिला मी कधी शिक्षा केली नाही. खरडणारीला उभं केलं. तुम्ही मला उभं करा. गुडघा दुखतो, पण सांगाल तितका वेळ उभी राहीन.

तिला मार्क द्या असं मी म्हणत नाही. आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या, तेव्हा तुम्हाला कळेल. पेपर तपासल्याशिवाय मार्क देऊ नयेत, आणि पेपर तपासल्याशिवाय कापूही नयेत. जाऊन मागच्या बाकावर बसा. मग काय तो लाल पेन चालवा.

हा शब्द टाकण्याचा प्रकार वाटला तर पत्र फाडून टाका. आता शेवटपर्यंत वाचून झालंच आहे.

आपली,
भीमाबाई


ठाकुर्ली
११ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

काल त्या आल्या.

रविवारचं प्रात्यक्षिक परीक्षेमुळे या खेपेला मंगळवारी, तास संपल्यावर ठेवलं होतं. पोरं बाटल्या घेऊन आलेली. पाण्याचा कठीणपणा काढत होतो, म्हणजे लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं. मागचं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई एका सरांबरोबर येऊन शेवटच्या टेबलापाशी बसल्या. ओळख नाही, नमस्कार नाही. मनात म्हटलं, शिकव बाई, दुसरं काय येतंय तुला.

प्रणितच्या टेबलाशी गेले. फ्लास्कमध्ये पाणी लालच, आणि जर्नलमध्ये आकडा लिहून तयार! शेजारच्या चिरागचा होता तोच. मी नुसतं बोट ठेवलं. तो म्हणाला, “मॅडम, सगळ्यांचं सेम येतंय यार. मग मी पण लिहून टाकलं.” मी म्हटलं, “अजून झालंच नाही ते कसं लिहिलंस?” तर हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर म्हणतो, “तुमच्या आत्याने पण तेच केलं ना मॅडम? रिझल्ट आधी, प्रयोग नंतर. व्हायरल झालाय तो फ्लेक्स.”

मागे बसलेल्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

मला हसू आलं आत्या. खरंच आलं. मी म्हटलं, “हो, केलं. माझ्यावर फार माया आहे तिची, म्हणून तिला धीर निघाला नाही. तुला कशाची घाई आहे? या पाण्यावर तुझी माया आहे का? मी तिला सांगितलं तेच तुला सांगते. पुसायचं नाही. एक रेघ मार, चूक दिसू दे, आणि बाजूला खरं लिही.” त्याने रेघ मारली. मग थेंब थेंब सोडायला लागला. चिरागच्या आकड्यापाशी आला, तरी लालच. पुढे गेला, तरी लाल. सगळी पोरं त्याच्या टेबलाभोवती जमली. निळा रंग आला तेव्हा आकडा चिरागच्या दुप्पट झाला होता. प्रणितच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी आहे आणि चिरागकडे नळाचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो म्हणाला, “म्हणजे आमच्या घरी जे पितात ते हे आहे?” आणि माझ्याकडे न बघता दुसरी बाटली धुवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

गुप्तेबाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. एवढंच म्हणाल्या, “तुमच्या आत्यांचा गुडघा कसा आहे?”

तू त्यांना पत्र लिहिलंस?

तुझी,
वैशाली


बाळकुम
१४ मार्च

चि. वैशाली,
जय भीम.

लिहिलं. काय लिहिलं ते विचारू नकोस. गुडघ्याचा उल्लेख ओघात आला.

तुझं पत्र दक्षताला मोठ्याने वाचून दाखवलं. ते पोरगं दुसरी बाटली धुवायला घेतं, तिथे मी कागद तिच्या हातात दिला. पुढचं तिने वाचलं. वैशाली, याच्यापुढे काय असतं गं शिकवणं? मी जन्मभर एवढ्यासाठीच खडू झिजवला.

तुझं म्हणणं मी ऐकलंय. महेंद्रला शिडीवर चढवून ‘मिळाल्याबद्दल’ या शब्दावर एक लाल पट्टी आडवी मारून घेतली. खालचं वाचता येतं. बाजूला पांढऱ्या कागदावर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘निकाल बाकी आहे’, आणि खाली सही केली. सगळा नाका हसतो. हसू दे.

या फ्लेक्समुळे माणसांची मात्र रीघ लागली. तुझं अभिनंदन करायला येतात, आणि बसतात माझ्यापाशी. साकेत आला होता, बायकोला घेऊन. तिला म्हणाला, “या बाईंनी मला घड्याळ वाचायला शिकवलं, नाहीतर मी नापासच.” शालू आली. तिच्या मुलीला मी कविता कशी म्हणून घ्यायचे ते करून दाखवत होती, हातवारे करून. परवा एक दाढीवाला बाप्या दारात उभा, ओळखलाच नाही. म्हणतो, “बाई, मी शेवटच्या बाकावरचा.” खाली वाकला आणि निघून गेला. तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही बघ. लोकांना रीतभात राहिली नाही. ज्याच्यासाठी यायचं ते विसरतात.

तुझी आत्या


ठाकुर्ली
३ एप्रिल

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

निकाल लागला. सन्मान कल्याणच्या एका गणिताच्या सरांना मिळाला. लायक माणूस आहे, मी स्वतः फोन करून अभिनंदन केलं.

माझं नाव नियमानुसार बाद झालं. तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या फ्लेक्समुळे शाल गेली, हे खरं आहे. आता पुढचंही ऐक. नाव बाद झालेलं असतानाही गुप्तेबाई वर्गात आल्या होत्या. तुझं पत्र वाचून आल्या होत्या. त्यांनी विद्यापीठाला अहवाल दिला, प्राचार्यांनी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचला. शेवटचं वाक्य मला पाठ झालंय. ‘या प्राध्यापिकेला सन्मान देता येत नाही, तेव्हा निदान वेळ द्यावा.’

आणि दिला गं! पाण्याचं प्रात्यक्षिक जूनपासून वेळापत्रकात आलं. मदतनीस मिळाला. नव्याने लागलेले शिक्षक वर्षभर माझ्या मागच्या बाकावर येऊन बसणार आहेत, शिकवणं बघायला. पेढे मागणाऱ्यानेच पेढे आणले. शाल कल्याणला गेली, तास माझ्याकडे आले. मला अदलाबदल नको.

मी घरी येऊन आरशात बघितलं आणि स्वतःला म्हटलं, चांगली शिकवतेस तू. पहिल्यांदाच म्हटलं.

फ्लेक्सवर आता खरा निकाल लिही, म्हणजे जर्नल पूर्ण होईल. जयंतीला येतेच आहे.

आणि एक. तुझ्या मागच्या पत्रात तू म्हणालीस, लोक ज्याच्यासाठी यायचं ते विसरतात. आत्या, ते ज्याच्यासाठी यायचं त्याच्यासाठीच येत होते.

तुझी,
वैशाली


बाळकुम
११ एप्रिल

वैशाली,

जय भीम वगैरे नंतर.

हा काय आचरटपणा आहे? तुझा फ्लेक्स मी परवाच उतरवला. ‘सन्मान मिळाला नाही, बाई तीच आहे’ असं खाली लिहून चार दिवस लोकांना वाचू दिलं, मग घडी करून ठेवला. आज सकाळी बाजाराला निघाले, तर त्याच जागी दुसरा. त्यावर मी!

एकही गॉगलवाला नाही. मंडळ नाही, शुभेच्छुक नाही. मी फळ्यापाशी, हातात खडू, तोंड उघडं, कुणावर तरी ओरडतेय. पुढे पोरांच्या पाठी, आणि त्यात दोन वेण्यांची एक पाठ माझ्या चांगल्या ओळखीची. हा फोटो कुठून आला? महेंद्र म्हणाला, देवराममामाच्या पेटीत होता. मामा तुला न्यायला शाळेत यायचा, तेव्हा खिडकीतून काढलेला. मला मेल्याने कधी सांगितलं नाही. मी साहेबांना विचारत बसले की शिकवताना फोटो काढणार कोण, आणि माझा भाऊ खिडकीबाहेर उभा होता.

खाली नुसतं लिहिलंय, ‘आमच्या बाई. यांनी आम्हाला शिकवलं.’ आणि नावं. साकेत, शालू, महेंद्र, तू, तो दाढीवाला, अजून कितीतरी. जागा पुरली नाही म्हणून कडेने उभी लिहिलीत. सगळ्यांची अक्षरं सुधारलेली आहेत असं म्हणवत नाही.

माझ्या गाजावाजाने तुझं नाव बाद झालं. आता माझं कशातून बाद होणार? मी तर कुठेच उभी नाही. तरी सांगते, ताबडतोब उतरव. महेंद्रला सांगितलं तर तो म्हणतो, “वैशालीताईचा निरोप आहे. उतरवणार नाही.” हे वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

बरं, उतरवायचाच तर जयंती झाल्यावर उतरव. शालूची सासू यायची आहे, आणि दक्षता म्हणते तिचं नाव अर्धं झाकलं गेलंय, ते नीट करा.

त्या रिक्षावाल्याने आज परत विचारलं, “आजी, ही कोन?” मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेजारचा दुसरा रिक्षावाला म्हणाला, “ह्याच त्या.”

बाजारातून येताना मी नाक्यावरून परत एकदा जाऊन आले. घरी महेंद्रने विचारलं, उशीर का झाला. म्हटलं, कोथिंबीर विसरले होते.

विसरले नव्हते.

तुझी,
बाई